मामा, तुम्ही अतिरेकी झालात तो रविवार

मामा,

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, तुमचा मुलगा लातूरला कामावर परतला. दुपारच्या आता आत्या आणि मी दोघीच असतो. भेटायला आलेले लोक तुमच्याबद्दल लई चांगलं बोलून गेले. देवकते जमादार शिस्तीचे होते, वेळेचे पक्के होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी नुसती मान हलवत होते. पण सून म्हणून ज्या माणसाशी मी बारा वर्षं भांडले तो त्यांच्या बोलण्यात कुठंच नव्हता. अध्यात-मध्यात तर तुम्ही कायम असायचात.

आपलं पहिलं भांडण माझ्या लग्नाच्या अकराव्या दिवशी झालं, तेही पिक्चरवरून. तुम्ही पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त होऊन वर्षच झालं होतं. रविवारी दुपारी टीव्हीवर पोलीस आणि अतिरेक्यांचा हिंदी पिक्चर लागला की या घरात ताटाचासुद्धा आवाज करायचा नाही, हे नव्या सुनेला कुणी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर एक अधिकारी एकटाच सीमेपलीकडं उतरला होता आणि एका पिस्तुलावर अख्खा तळ झोपवत निघाला होता. मी शाळेत गणित शिकवते, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. मी म्हणून बसले की मामा, यानं तेवीस गोळ्या झाडल्या आणि पिस्तूल एकदाही भरलं नाही. आत्यांनी कपाळाला हात लावला. तुम्ही सावकाश मान वळवलीत.

"मोजल्या?"

"हो."

"मग तेवीस पुंगळ्या कुठायत? रिकाम्या पुंगळ्या जमा केल्याबिगर आमचा साहेब कुणाला घरी जाऊ द्यायचा न्हाय."

आणि पायानं शेजारची खुर्ची माझ्याकडं सरकवलीत. झालं. त्या दिवसापासून गोळ्या मी मोजायच्या आणि बाकीचा तपास तुम्ही करायचा, अशी आपली वाटणी ठरली. हीरोनं बाजारात गाड्या उलथवल्या की तुम्ही विचारायचात, पंचनामा कोण करणार, पंच कुठून आणणार. तो रागारागानं वर्दी उतरवून साहेबाच्या टेबलावर टाकायचा तेव्हा तुम्हाला वर्दीची नाही, आत बनियन धड आहे की नाही याची काळजी. सीमा ओलांडून निघालेल्या माणसानं स्टेशन डायरीला नोंद केली नाही म्हणून तुम्ही एकदा चहा थंड होऊ दिलात. एवढ्या खोड्या काढूनसुद्धा शेवटी झेंडा फडकला आणि तो अधिकारी जखमी खांदा घेऊन ताठ उभा राहिला की तुमचे डोळे भरायचे. मी हसले की म्हणायचात, डोळ्यात कचरा गेला. दर रविवारी त्याच वेळी कचरा कसा जातो, यावर आपलं पुढचं भांडण.

तिसरी खुर्ची खाजाचाचांची. बसस्टँडजवळचं त्यांचं टेलरिंगचं दुकान म्हणजे तुमच्या ठाण्याची दुसरी शाखाच होती. इथं कळंबला तुमची पहिली नेमणूक झाली तेव्हाची वर्दी त्यांनी शिवली आणि निवृत्तीच्या दिवशीची पँटही त्यांनीच पोटात सैल करून दिली. दुपारची नमाज झाली की गळ्यातली टेप तशीच ठेवून ते यायचे. त्यांचं लक्ष गोष्टीकडं नसायचंच, कपड्यांकडं असायचं. हीरो छतावरून उडी मारायचा आणि चाचा म्हणायचे, "जमादार, बगल में कपडा कम है. फाटणार."

तो एक रविवार मात्र वाईट निघाला. त्या पिक्चरमध्ये शेजारचा गोड बोलणारा म्हातारा शेवटी पलीकडचा हस्तक निघाला. तो शिंपी होता. पांढरी दाढी, गळ्यात टेप, जाकिटाच्या अस्तरात बॉम्ब शिवून द्यायचा. चाचा आधी हसले. म्हणाले, आता माझी गिऱ्हाइकं तुटणार. मग चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि शेवट व्हायच्या आधीच, काज-बटणं करायची राहिलीत म्हणून निघून गेले. ते गेटपाशी असतील तेव्हा इकडं हीरोनं त्या शिंप्याला गोळी घातली आणि तुम्ही सवयीनं टाळ्या वाजवल्यात.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही म्हणालात, लग्नसराई आहे, काम असेल. मी गप्प बसायला पाहिजे होतं, पण बसले नाही. मी म्हणाले, मामा, तुमच्या पिक्चरमध्ये दर वेळी अतिरेक्याला खाजाचाचांचाच चेहरा का असतो? आणि तुम्ही टाळ्या कुणाला वाजवल्या? तुम्ही एवढे चिडलात की मला पहिल्यांदा तुमच्यातला पोलीस दिसला. पिक्चर हा पिक्चर असतो, म्हणालात. चाळीस वर्षांची दोस्ती आहे, ती मला तू शिकवू नको. मग आठ दिवस आपण बोललो नाही. तुम्हाला चहा हवा असला की आत्यांना सांगायचात, आत्या मला सांगायच्या, आणि मी तुमच्यापासून चार हातांवर उभी असायची. आत्या शेवटी म्हणाल्या की माझे पाय दुखायला लागलेत, तुमच्या दोघांत एक हवालदार ठेवा.

त्याच आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर निरोप आला. ढोकीच्या अलीकडं माळावर हिंदी पिक्चरचं शूटिंग होणार होतं, पोलीस आणि सीमेपलीकडचे अतिरेकी असाच विषय होता, आणि त्यांना गर्दीसाठी पन्नाशीच्या पुढची माणसं पाहिजे होती. मी मोबाइल तुमच्यापुढं धरला. बोलायचं नव्हतं म्हणून नुसता धरला. तुम्ही दोनदा वाचलंत, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलंत आणि कपाट उघडलंत. तुमचा जुना खाकी पट्टा बाहेर आला. त्याचं पितळी बक्कल तुम्ही चिंचेच्या कोळानं घासलंत, सोन्यासारखं केलंत. मग पायांत चपला घातल्या आणि काही न सांगता बसस्टँडकडं गेलात. चाचांना काय म्हणालात ते मला माहीत नाही. पण रविवारी सकाळी ढोकीच्या बसमध्ये आपण तिघं होतो. तुमच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पट्टा. मी तुमच्या बीपीच्या गोळ्या सांभाळायला आले होते, असं मी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

माळावर त्यांनी सीमेपलीकडचं गाव उभं केलं होतं. पत्र्याची घरं, हिरवे पडदे, उर्दूतल्या पाट्या. चाचांनी एक पाटी वाचली आणि सांगितलं की ही उलटी लावली आहे, तेव्हा दोन माणसं शिडी घेऊन धावली. ऊसतोडीचे दिवस होते. धडाधड गोळीबार सुरू झाला की पलीकडच्या रस्त्यानं गाणी लावून उसाचा ट्रॅक्टर जायचा आणि दिग्दर्शक डोकं धरून खाली बसायचा. परदेशात एवढा ऊस कसा, असं तुम्ही त्याला विचारणार होतात. मी तुमची बाही ओढली.

माणसं निवडायला एक दाढीवाला तरुण रजिस्टर घेऊन बसला होता. त्यानं तुमच्याकडं एकदाच बघितलं. तुमच्या मिशा, तुमची छाती, उभं राहायची तऱ्हा. लगेच म्हणाला, अंकल पुलिस. मग चाचांकडं बघितलं, त्यांची पांढरी दाढी बघितली आणि म्हणाला, चाचा आतंकवादी. सहजच म्हणाला. भाजी निवडावी तसं.

गळ्यात टेप नव्हती तरी चाचांचा हात तिथं गेला. मला वाटलं, हे आता हसून निघून जाणार, आणि या वेळी परत कधीच येणार नाहीत.

तुम्ही पिशवी खाली ठेवलीत.

"उलटा लिखो," तुम्ही म्हणालात. "ये पुलिस. मैं वो."

त्यानं समजावून पाहिलं, अंकल, तुम्ही तर अगदी खरे पोलीस वाटता.

"छत्तीस साल वाटलो. आता रजा द्या."

मागं रांग लांबत चालली होती. तो कंटाळला, त्यानं खोडून लिहिलं. तुम्ही वाकून पिशवीतला पट्टा काढलात आणि चाचांच्या हातात दिलात. चाचा नको नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, "माझं पोट आता त्यात मावत न्हाय." खोटं होतं, मामा. आदल्या दिवशी तुम्ही तो आरशापुढं लावून बघितला होता. मी दारातून पाहिलं होतं.

त्या दिवसाची आठवण आली की मी अजून एकटी हसते. तुम्हाला पठाणी चढवला, डोळ्यात सुरमा घातला, आणि मिशी काढायची गोष्ट निघाल्यावर तुम्ही उठून चालायला लागलात म्हणून मिशी राहिली. चाचा तंबूतून खाकी घालून बाहेर आले. आयुष्यभर शिवलेली वर्दी त्यांनी पहिल्यांदा अंगावर घातली होती. बाहेर येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर बगलेची शिवण उलटून पाहिली आणि ज्यानं शिवली त्याला अस्सल दखनीत दोन शिव्या हासडल्या. मग तुम्ही, सुरमा घातलेला अतिरेकी, बाभळीखाली उभं राहून त्या पोलिसाला सॅल्यूट शिकवत होतात. कोपर किती वर, बोटं कशी जुळलेली, टाच कुठं. युनिटमधली माणसं मोबाइलवर ते काढून घेत होती.

मरायचं तुम्हाला जमेना. गोळी लागली की धाडकन पडायचं होतं, आणि तुम्ही आधी एक हात टेकवायचात, मग दुसरा, मग हळूच आडवे व्हायचात. दिग्दर्शक म्हणाला, अंकल, मरताना गुडघे कोण सांभाळतं? तुम्ही पडल्या पडल्याच उत्तर दिलंत की ज्याला उद्या उठायचंय तो. मग पोलिसानं येऊन तुम्हाला बुटानं उलथं करायचं होतं. चाचा आले आणि थांबले. पाय लावणार नाही, म्हणाले. कुणी कितीही सांगितलं तरी नाही. शेवटी दिग्दर्शकानं मान्य केलं की हातानं मानेची नाडी बघा. चाचा वाकले, दोन बोटं लावली, आणि हळूच पुटपुटले, "जमादार, जिंदा है क्या?" तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "जेवण आलं का?" माळावरची सगळी माणसं हसली आणि तो प्रसंग परत घ्यावा लागला.

जेवण आल्यावर तुम्ही दोघं बाभळीच्या सावलीत बसलात. मी तुमची गोळी आणि पाणी घेऊन मागून येत होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मी ऐकलं.

तुम्ही म्हणालात, "खाजा, त्या दिवशी म्या टाळ्या वाजवल्या."

चाचा म्हणाले, "हौ. गेट तक आवाज आया."

तुम्ही हातातला घास परत पत्रावळीत ठेवलात. मग म्हणालात, "चुकलं माझं."

चाचांनी स्वतःच्या पत्रावळीतली एक पुरी तुमच्या पत्रावळीत ठेवली. "खाओ. भाजी ठंडी हो रही."

मी तशीच मागं वळले आणि दहा मिनिटांनी मोठ्यानं खोकत परत आले. गोळी उशिरा दिली म्हणून तुम्ही मला बोललात. आठ दिवसांनी तुम्ही माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मला ते इतकं गोड वाटलं की मी उलट उत्तरसुद्धा दिलं नाही, आणि त्याचाच तुम्हाला संशय आला.

पिक्चर लागला तेव्हा आपण सगळे सोलापूरला गेलो. कळंबची दोन जीपभर माणसं होती. तुमचा चेहरा दिसलाच नाही, नुसती पाठ आणि एक चप्पल. खाजाचाचा मात्र पडदाभर दिसले. त्यांनी टाच जुळवून सॅल्यूट ठोकला तेव्हा आपल्या रांगेतनं जी शिट्टी वाजली ती तुमची होती. जमादाराच्या जातीला शिट्टी शोभत नाही, असं तुम्हीच मला कैकदा सांगितलं होतं. त्याआधी तुम्हाला गोळी लागली तेव्हा आत्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. तुम्ही त्यांच्या कानाशी वाकून म्हणालात, "अगं, मी हितंच बसलोय की." तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. हातानं चाचपून तुमचं मनगट धरलं आणि मध्यंतरापर्यंत सोडलं नाही.

गावात मग चाचा 'साहेब' झाले. ठाण्यातले नवे शिपाई मापं द्यायला गेले की आधी सॅल्यूट करायचे, आणि चाचा गंभीर चेहऱ्यानं तो घ्यायचे. तुम्हाला पानटपरीवर अतिरेकी म्हणून हाक मारायला लागले आणि तुम्ही ओ द्यायला लागलात. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमचे सासरे अतिरेकी हायत का?" मी सांगितलं, हो, पण फक्त रविवारी. ते घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्हाला ठसका लागेपर्यंत हसू आलं होतं.

त्यानंतर तुम्ही पिक्चर बघायचं सोडलं नाही. मीही मोजायचं सोडलं नाही. फक्त एक झालं. कुणी दाढीवाला म्हातारा पडद्यावर आला की तुम्ही लगेच म्हणायचात, हा न्हाय, ह्यो फसवायला ठेवलाय, खरा तो मंत्री आहे बघ. पुष्कळदा तुमचं चुकायचं. मी कधी बोलून दाखवलं नाही. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, असं तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत, आणि मामा, ते ऐकायची माझी इच्छाही राहिली नव्हती. तुम्ही ते ज्याला म्हणायला पाहिजे होतं त्याला म्हणाला होतात. मला मात्र एक म्हणायचं राहिलं. मी त्या आठ दिवसांत तुम्हाला कठोर माणूस समजले होते. चुकलं माझं.

तुम्ही गेलात तेही कुणाला त्रास न देता. सकाळी फिरून आलात, ओट्यावर बसून चपला काढल्यात, आत्यांना म्हणालात की आज जरा दम लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी रडले, पुष्कळ रडले. पण खरं सांगते, तुम्हाला आठवायला बसले की रडू पुरं होत नाही. मधेच सुरमा आठवतो.

परवा दुपारी फोन आला. तोच रजिस्टरवाला. पिक्चरचा दुसरा भाग निघतोय, परत ढोकीच्या माळावर येणार आहेत, आणि त्यांना मिशावाले अंकल पाहिजेत. मी म्हणाले, ते तर पहिल्या भागात मेले. तो म्हणाला, काही हरकत नाही मॅडम, जुळा भाऊ दाखवू. त्याच्या धंद्यात किती सोपं आहे, मामा. मग तुम्ही गेल्याचं सांगितलं. तो तुमच्याबद्दल चार शब्द बोलला, मनापासून बोलला. शेवटी भीत भीत विचारलं, ते पोलीसवाले चाचा येतील का? त्यांना या वेळी बढती आहे, जमादाराचं काम आहे.

मी निरोप द्यायला दुकानात गेले. चाचांनी मशीन थांबवलं. लगेच हो म्हणाले नाहीत. काल संध्याकाळी घरी आले, आत्यांसमोर चटईवर बसले. म्हणाले, वर्दी पिक्चरवाल्यांची नको, माझी मीच शिवणार. तुमच्या शेवटच्या वर्दीचं माप त्यांच्या वहीत अजून आहे, त्यात थोडं कमी-जास्त केलं की त्यांना होईल. मग खाली बघत म्हणाले की छातीवर नावाची पट्टी लागते. युनिटला विचारलं, ते म्हणाले कुठलंही नाव चालेल.

"भाभी, देवकते लिखूं क्या?"

आत्या पदराशी चाळा करत बसल्या. तुम्ही गेल्यापासून त्या फार बोललेल्या नाहीत. मला वाटलं, आता त्या रडणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चाचांकडं बघितलं.

"लिहा की," आत्या म्हणाल्या. "पर त्या पिक्चरवाल्याला आधीच सांगून ठेवा. ह्या बारीला देवकते मरायचे न्हाईत."